उष्टा कुंचला

१० ऑक्टोबर १९४८

हैदराबादचं एकदाचं मिटलं आणि आपल्या बऱ्हाणपूरच्या स्टेशनावरून धडधडत जाणाऱ्या मिलिटरीच्या गाड्याही कमी झाल्या. आज घड्याळाच्या सुट्या भागांसाठी भुसावळला गेलो होतो. लष्कराचा नको असलेला माल लिलावात घेऊन विकणारा सुकलाल माझ्या ओळखीचा. त्याने मला पत्र्याच्या गोदामात नेलं, दार लावलं आणि म्हणाला, "शालिग्रामभाऊ, जरा आँखें बंद करा. आता उघडा." उघडले तर समोरच्या फळीवर हिरवट उजेडाची एक ओळ. दिवा नाही, बत्ती नाही, काही जळत नाही, आणि बाटल्या आपल्या उजळलेल्या. मी एकीला बोट लावून पाहिलं, काच गारच. आमच्या बुधवाऱ्यात, पेठेत कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

"रेडियम आहे भई. लढाईत विमानाच्या घड्याळाले लावत होते. आता लढाई संपली, कोण विचारते याले?"

मी विचारतो, असं मनात म्हटलं. भुसावळात रेल्वेचे ड्रायव्हर आणि गार्ड किती, आणि अंधारात वेळ पाहायची गरज त्यांच्याइतकी कुणाला आहे? त्यांच्या घड्याळांवरचं जुनं रेडियम विझत आलंय आणि नवं लावून देणारा मुंबईच्या अलीकडे कुणी नाही. सगळ्या बाटल्या उचलून आणल्या.

घरी माजघरामागच्या अंधाऱ्या कोठीत नेऊन दाखवल्या. कोकिळा, म्हणजे आमची बायको, टाळी वाजवून हसली. आत्याने मात्र उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं. ही भागाबाई, वडिलांची बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती सोवळं-ओवळं करत इथेच म्हातारी झाली. म्हणाली, "जे जळत नही अन् उजेड देते, ते काही चांगलं नही."

"आत्या, काजवा काय जाळतो?"

त्यावर ती पदर सावरून चुलीकडे गेली. आत्याने वाद सोडला, हेही आजचं नवलच.

१८ ऑक्टोबर

भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि खारीच्या केसांच्या कुंचल्याने काट्यांत आणि आकड्यांवर भरायची. ऐकायला सोपं आहे. पाण्यात बुडवला की कुंचला फुगतो आणि बाराच्या जागी डाग पडतो. चांगल्या डायली खराब केल्यावर वैतागून कुंचला तोंडात धरला, ओठ आवळून बाहेर ओढला, तर टोक सुईसारखं. लगेच आकडे काढले, छापल्यासारखे आले. हे मला कुणी शिकवलेलं नाही, स्वतःच्या डोक्यातून काढलं. मॅट्रिकच्या पुढे शिकलो असतो तर काय झालो असतो कोण जाणे.

२१ ऑक्टोबर

दुरुस्ती मी पाहायची आणि रंगाचं काम कोकिळा आणि आत्या यांनी, असं ठरवलं. आमचं मूळ काम सोनाराचं, घरातल्या बायकांचे हात बारीक कामाला वळलेले. पण पहिल्याच दिवशी घोडं अडलं ते उष्ट्यावर.

"तोंडातला कुंचला?" आत्या म्हणाली. "अन् तोच पुन्हा वाटीत बुडवाचा? लोकाच्या वस्तूले आपलं उष्टं लावाचं?"

कोकिळेनेही हातातला कुंचला खाली ठेवला. शाहपूरच्या शेतकऱ्याची मुलगी, तीही त्याच शिकवणुकीतली. मग मात्र मी गप्प बसलो नाही. म्हटलं, "सोनाराची फुंकणी जन्मभर त्याच्या तोंडात असते. त्या फुंकणीवर घडलेली नथ बायका नाकात घालून देवाला जातात. तेव्हा कुठे जातं तुमचं उष्टं? देश स्वतंत्र झाला, राजांची राज्यं गेली, आणि आपण अजून थुंकी मोजत बसलोय."

कोकिळा हसली. "यांच्याशी बोलनं म्हणजे दगडावर डोकं आपटनं," म्हणाली आणि कुंचला ओठांत धरला. दोन-चार आकडे काढून झाल्यावर म्हणते, "अहो, हे त डिंकाच्या लाडवावानी लागते."

आत्याने ऐकलं नाही. तिने आपला वेगळा कुंचला घेतला, पाण्याची वाटी घेतली आणि ओल्या फडक्यावर टोक फिरवत बसली. कोकिळेच्या तीन डायली होतात तेव्हा हिची एक. होऊ दे.

१२ डिसेंबर

काम असं वाढलंय की दुकानात स्टुलावर बसायला जागा नसते. भुसावळचे, खांडव्याचे, इटारसीचे गार्ड घड्याळं पाठवतात. कोकिळेचा हात पाहून सुकलालसुद्धा म्हणाला की अशी रेघ मुंबईला नाही. तिने ते शाहपूरला माहेरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

आज दुपारी एक गंमत झाली. झालेल्या डायली कोठीत नेऊन तपासायच्या असतात. कोकिळा आत गेली, दार ओढून घेतलं आणि मला हाक मारली. मी आत शिरलो तर अंधारात नुसते ओठ. ती हसली तर दात दिसले, एकेक वेगळा, हिरवा. मी भिंतीला टेकून उभाच राहिलो. इतकी वर्षं संसार केला, पण अशी बायको मी कधी पाहिली नव्हती. तिने कपाळावर रेडियमचीच टिकली लावली होती. नाक शिंकरलं तर रुमालही उजळला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. आवाज ऐकून आत्या आली आणि रामराम म्हणत तिने दार सताड उघडलं. सगळी मजा गेली.

३ जून १९४९

परवा भोपाळही आपल्यात आलं. पेपरात नकाशा आहे, त्यात आता एकच रंग आहे. गिऱ्हाइकांनी दिवसभर तीच चर्चा केली. काम मात्र थांबलं नाही. आत्याला आज म्हटलं, "तुझ्या फडक्याच्या वेगाने गेलो तर दुसरी लढाई सुरू होईल तेव्हा पहिल्या लढाईची घड्याळं तयार होतील." ती म्हणाली, "होऊ दे."

१ ऑगस्ट १९४९

काल आमच्याकडे कानबाई बसली. नारळाला डोळे, नाक काढून, नथ घालून देवी सजवायची, भाऊबंद जमवायचे, रोट करायचे, हे घराण्यात चालत आलेलं. यंदा मी सुचवलं की देवीचे डोळे रेडियमचे करू. मला वाटलं आत्या अंगावर येईल, पण तिला ते मनापासून आवडलं. कोकिळा म्हणाली, "आत्याबाई, द्या, मी करते. माझा हात साफ आहे."

"हात साफ आहे, तोंड नही," आत्या म्हणाली. कोरा कुंचला आणून, आंघोळ करून, ती स्वतः बसली. फडक्यावर टोक काढत काढत तिने पापणीसुद्धा रंगवली. खरं सांगायचं तर कोकिळेइतकंच सुरेख काम झालं. फक्त सकाळची दुपार झाली. मी म्हटलं, "देवीला घाई नसते. भुसावळच्या गार्डाला असते."

आज विसर्जनाआधी देवघराची खिडकी लावली, तेव्हा जमलेल्या बायकांनी एकदम हात जोडले. देवी बघत होती. शेजारची निर्मलावहिनी तर मटकन खालीच बसली. आमचं नाव आता गल्लीत निघतंय.

२२ एप्रिल १९५०

कोकिळेची दाढ दुखते. लवंग धरून झाली. आज दात काढणाऱ्याकडे नेलं, त्याने दाढ काढली. म्हणाला, हलतच होती, जोर लावावा लागला नाही. वय तिशीच्या आत आणि दाढ हलते, याचं मला आश्चर्य वाटलं. उन्हाळ्यात कैऱ्या फार खाल्ल्या असतील.

३० जून

दाढेची जागा अजून भरत नाही. त्यात शेजारचा दातही गेला. तोंडाला वास येतो म्हणून ती पदर धरून बोलते. मी म्हटलं कामाला चार दिवस सुट्टी घे, तर म्हणे, "हात चांगले आहेत ना माझे?" आणि बसलीच. डिंक पोटात जातोय ते एका परीने बरंच आहे, तेवढीच ताकद.

९ जानेवारी १९५१

कोकिळा पांढरी पडली आहे. जिना चढली की धापा टाकते. डॉक्टरांनी लोखंडाचं औषध दिलं. तिच्या आईने शाहपूरहून येऊन मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

आत्याने आज मला दुकानात गाठलं. एरवी ती माजघर सोडून कधी पुढे येत नाही. म्हणाली, "शाल्या, पोरीच्या तोंडावाटे काहीतरी आत गेलं. तो कुंचला बंद कर."

"आत्या, मुंबईला याच रेडियमने कॅन्सर बरा करतात. जे औषध आहे ते विष कसं होईल?"

"औषध मोजून देतात," ती म्हणाली, "चाटत नही बसत."

मी हसून सोडून दिलं. उष्ट्याचा राग म्हातारीने इतकी वर्षं धरून ठेवला, याची मात्र कमाल वाटली.

१६ सप्टेंबर

 आज दुपारी कोकिळा दुधात भाकरी कुस्करून खात होती. मध्येच थांबली. तोंडात बोट घालून तिने काहीतरी काढलं आणि तळहातावर धरलं. मला वाटलं भाकरीत खडा आला. खडा नव्हता. हाडाचा तुकडा होता, मधमाशीच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. जबड्याचा. दुखलं का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. आपलंच हाड आपल्या हातात धरून ती माझ्याकडे पाहत होती. मी तो तुकडा घेऊन रुमालात बांधला. कुंचल्याला आता ती हात लावत नाही. तोंड नीट मिटतच नाही, टोक कसं काढणार?

मुंबईला न्यायचं.

६ नोव्हेंबर, मुंबई

इथलं इस्पितळ मोठं आहे. मोठ्या डॉक्टरांनी तिचा जबडा दाबून पाहिला, फोटो काढायला पाठवलं, मग मला विचारलं, "या काम काय करतात?"

मी जरा ऐटीतच सांगितलं. रेडियमच्या डायली, सबंध खानदेशात असा हात नाही वगैरे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुंचल्याला टोक कसं काढतात?"

त्यांना कुतूहल वाटलं असं समजून मी त्यांचंच पेन उचललं आणि ओठांत धरून दाखवलं. ते खुर्चीवरून उठले.  खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

११ नोव्हेंबर

कोकिळेच्या जबड्यातून काढलेला हाडाचा तुकडा त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या फिल्मवर ठेवला होता, बंद पेटीत. उजेड नाही, कॅमेरा नाही. आज ती फिल्म धुऊन मला दाखवली. त्या तुकड्याचं चित्र तिच्यावर उमटलं होतं, भोकाभोकांसकट. माझ्या बायकोच्या हाडाने अंधारात स्वतःचा फोटो काढला होता.

डॉक्टर बसून सावकाश बोलले. हाडाला वाटतं हा आपलाच चुना आहे, म्हणून ते रेडियम धरून ठेवतं, आणि रेडियम आतून हाड जाळत राहतं. बाहेर काढायचा उपाय नाही. जबड्यावर थांबणार नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कुणी सांगू शकत नाही, पण म्हातारपण दिसणार नाही.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घड्याळांच्या कारखान्यांत तरुण मुली हेच काम करायच्या. ओठांनीच टोक काढायच्या. गंमत म्हणून दातांना, नखांना रंग लावून अंधारात हसायच्या. त्यांचे दात पडले, जबडे गळाले, कितीतरी मेल्या. कोर्टात खटले झाले, पेपरांत फोटो आले. "हे सगळ्या जगाला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले.

सगळ्या जगाला. मग सुकलालच्या गोदामात का नाही? बुधवाऱ्यात का नाही? त्या मुली मेल्या तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो. बाटली लढाई करून, समुद्र ओलांडून, लिलावातून माझ्यापर्यंत आली, आणि ही एवढी गोष्ट तिच्याबरोबर आली नाही.

"त्या मुलींना ओठ लावायला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"त्यांच्या मुकादमांनी. काम भराभर होतं म्हणून."

मला वाटत होतं ती युक्ती माझी आहे.

१२ नोव्हेंबर

मीही सुरुवातीला चाटलंय, हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझे दात पाहिले आणि म्हणाले, थोडक्यात सुटलात बहुतेक. घरात आणखी कुणी करायचं का? मी म्हटलं, आत्या, पण ती तोंड लावत नसे, उष्टं होतं म्हणून. डॉक्टरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा."

नमस्कार मी पोचवणार आहे. कसा पोचवायचा ते कळत नाही.

आणखी एक विचारून घेतलं. तिचं उष्टं पाणी कुणी प्यायलं, तिच्या ताटात जेवलं, तर? डॉक्टर म्हणाले, तसं भय नाही, जे आहे ते तिच्या हाडात आहे आणि तिलाच खातंय.

२ डिसेंबर, बऱ्हाणपूर

उरलेल्या बाटल्या डॉक्टरांनी मागवल्या होत्या, त्या पोचवून आलो. सुकलालकडे जाऊन सगळं सांगितलं. तो ओठांवर हात ठेवून बसून राहिला. म्हणाला, "मले काय मालूम, भाऊ." खरंच आहे, त्याला काय माहीत.

कोकिळेला मीच सांगितलं. लपवायला जमलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. पट्टी बांधलेल्या तोंडाने बोललेलं आता मलाच कळतं. तिने विचारलं, "म्हणजे मी चांगलं काम करत होते म्हणून झालं? आत्याबाईवानी सावकाश केलं असतं त नसतं झालं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आत्याला डॉक्टरांचा नमस्कार सांगितला. ती माझ्या तोंडावर बोलेल, इतकी वर्षं तू मला हसलास असं म्हणेल, याची मी वाट पाहिली. तशी पाहिली, कारण बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि चुलीपुढे जाऊन बसली.

८ जानेवारी १९५२

कोकिळेने आपलं ताट-वाटी वेगळी केली आहे. पाण्याचा तांब्या खाटेखाली. माझ्या हातून ती काही घेत नाही, मी दिलेलं भांडं जमिनीवर ठेवायला लावते आणि मग उचलते. डॉक्टरांनी सांगितलेलं मी शपथेवर सांगितलं, पण पटत नाही. "जे माझ्या तोंडात आहे ते तुमाले लागीन," एवढंच. माझ्या आग्रहामुळे जिने उष्ट्याची लाज टाकली, ती आता स्वतःच उष्टी होऊन कोपऱ्यात बसली आहे.

कुणासमोर खात नाही. पेज अर्धी घेते, उरलेली झाकून ठेवते आणि स्वतः मोरीत ओतते. अंगावर मांस राहिलेलं नाही. दुखण्याआधी उपासानेच जाईल, असं आज इथले गावातले डॉक्टर म्हणाले.

१९ जानेवारी

आज मी तिच्या वाटीतली उरलेली पेज तिच्यासमोर पिऊन दाखवली. वाटलं, आता तरी पटेल. तिने वाटी माझ्या हातातून ओढली आणि इतकी रडली की पट्टी भिजून खाली आली. "तुमी पाप फेडून राहिले," म्हणाली. "माझ्यासाठी नही पेत."

तिला माझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी दुकानात येऊन बसलो.

२७ जानेवारी

सकाळी दुकान उघडलं नाही. माजघरात बसून एक घड्याळ खोललं होतं. कोकिळा खाटेवर होती. नेहमीसारखी अर्धी पेज टाकून तिने वाटी झाकून खाटेखाली सरकवली.

आत्याची आंघोळ झाली होती, सोवळं नेसलेली होती. ती एकभुक्त, दिवसातून एकदाच जेवणारी. या वेळी माणसाची सावलीसुद्धा अंगावर पडू देत नाही. लहानपणी मी एकदा तिच्या भांड्याला शिवलो, तर तिने दिवसभर पाणी घेतलं नव्हतं. ती सरळ खाटेशी आली, वाकली आणि वाटी उचलली. मला वाटलं ओतायला नेते. ती कोकिळेच्या शेजारी, तिच्याच गोधडीवर बसली. झाकण काढलं आणि कोकिळेने जिथे ओठ लावले होते तिथेच ओठ लावून पेज प्यायली.

 आत्याने माझं उष्टंही कधी खाल्लं नव्हतं. लग्नात, मयतात, प्रसादात, कुणाचंच नाही.

"आत्याबाई," कोकिळा म्हणाली, "तुमी काय केलं हे? माझं उष्टं..."

"मीठ कमी आहे," आत्या म्हणाली. "इतके दिवस आळणी पेज पेऊन राहिली, सांगाचं नही का?"

ती उठली, मीठ घालून वाटी पुन्हा भरून आणली, एक घोट स्वतः घेतला आणि वाटी कोकिळेच्या तोंडाला लावली. कोकिळेने डोळे मिटून घेतले.  आत्याने हात हलवला नाही.

मग कोकिळेने घोट घेतला. मग आत्याने. मग कोकिळेने. वाटी संपेपर्यंत दोघींपैकी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.